उंडीखालची जागा

आमच्या तालुक्यातला कुठला पुढारी कुठल्या गावच्या कबरस्तानात कुठे पुरलाय, हे मला तोंडपाठ आहे. त्यातली एकही कबर मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, कारण आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. वरच्या भाटीचे होडेकर मेंबर फाटकातून शिरताच डाव्या हाताला आहेत. काळा दगड, त्यावर त्यांनी भूषवलेली सगळी पदं, आणि जागा संपत आली म्हणून ‘संचालक, मच्छीमार सोसायटी’ एवढं खाली बारीक अक्षरात. खारबावचे परकार सरपंच मशिदीच्या भिंतीला लागून आहेत. त्यांची पाटी मुलांनी अशी तिरपी लावली, की एस्टीत खिडकीशी बसलेल्याला नाव वाचता यावं. बंदरवाडीचे दोन उपसरपंच जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते आता शेजारी शेजारी आहेत, कारण दोघांच्याही घरच्यांना उंचवट्यावरचीच जागा हवी होती. बाकीचं गाव मागे, खाडीच्या अंगाला, जिथे पावसाळ्यात खणलं की आधी पाणी लागतं. तिथे नाव नाही, पाटी नाही. डोक्याशी जांभ्याचा एक चिरा ठेवतात.

ही सगळी विद्या मला माझ्या सासऱ्यांकडून मिळाली. इसहाक सभापती. पंचायत समितीचं सभापतिपद त्यांच्याकडे एकदाच आलं आणि लवकरच गेलं, पण ‘सभापती’ हा शब्द त्यांनी जाऊ दिला नाही. गावात पोस्टमनपासून माझ्या सासूपर्यंत सगळे त्यांना सभापतीच म्हणत. तालुक्यात कुठलाही पुढारी गेला की हे मयताला जात, आणि जेवायला बसले की सगळं सांगत. दुसरी माणसं सांगतात किती लोक आले होते, कोण रडलं. हे सांगायचे जागा कुठली मिळाली. माणूस कशानं गेला हे त्यांच्या लक्षात राहत नसे, फाटकापासून किती लांब गेला हे बरोबर राहत असे.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे, कारण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

२००६ च्या थंडीत ते आमच्याकडे सौदीत, जुबैलला आले. माझा नवरा कादिर इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये शिफ्टवर आहे. कंपनीची बस नेते, कंपनीची बस आणून सोडते. घरात आम्ही दोघं आणि आमची मुलगी दुआ. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांना खाडीच्या अंगालाच पुरलं होतं, आणि त्याबद्दल सभापतींना काही वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते व्हिजिट व्हिसावर आले, उमरा करून आले, आणि फेब्रुवारीतल्या निवडणुकीआधी परत जायचं म्हणून रोज कॅलेंडर बघत होते. माझा थोरला दीर ताजुद्दीन त्यांच्या जुन्या गणातून पंचायत समितीला उभा राहणार होता.

मी त्यांचं काही कमी केलं नाही. त्यांना तांदळाचीच भाकरी लागे, मी दोन्ही वेळा थापत होते. हमूर मासा त्यांना आवडेना, तर कादिर खोबर शहरापर्यंत जाऊन सुरमई आणत होता. दुआशी ते मराठी बोलत, ती त्यांना इंग्रजीत उत्तरं देई, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

एका शुक्रवारी कादिरच्या प्लांटमधला केरळचा एक फिटर गेला. त्याला इथेच दफन करायचं होतं. सभापती म्हणाले मीही येतो. मयत म्हटलं की ते घरात थांबणार नाहीत हे आम्हाला माहीत होतं. कादिर त्यांना घेऊन गेला. परत आले ते तोंड उतरवून. जेवायला बसले, पण हात भाताला लागेना.

“ह्ये काय कबरस्तान हाय, कादिर? नाव नाय, पाटी नाय, साधा झाड नाय. नुसता मैदान. कोन कुठे हाय, कायच कळत नाय.”

“इथे असाच असता, अब्बा,” कादिर म्हणाला. “राजा मेला तरी असाच पुरतात. एक दगड, बस्स.”

“मग राजा होऊन फायदा काय?”

मला हसू आलं. ते मी पदराआड दाबलं. सभापतींनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. आपली सोय झालेली आहे हे आठवून माणसाचा चेहरा जसा होतो तसा.

“मी माझी जागा करून ठेवली हाय,” ते म्हणाले. “फाटकातून शिरलास का उजव्या हाताला. उंडीच्या झाडाखाली. उंच जागा, पानी थांबत नाय. ताजुद्दीननं दिवाळीच्या सुट्टीत कठडा पन बांधून घेतला. जांभ्याचा नाय, ग्रॅनाईटचा.”

माझ्या हातात कालवणाची पळी होती. ती मी परत पातेल्यात ठेवली.

“तिथे माझी आई हाय, अब्बा.”

त्यांनी मान वर केली नाही. ते सुरमईचा काटा काढत होते. “होती, बाय. किती वर्षां झाली. कच्ची कबर. माती झाली आता.”

दुआनं माझ्याकडे बघितलं. “मम्मा, व्हॉट इज कठडा?”

“रेलिंग,” मी म्हटलं. “दुसऱ्याला आत येऊ देत नाय ती.”

कादिर ताटात बघत होता. त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या कानांवरून मला कळलं. त्याला लाज वाटली की कान लाल होतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कबरीत कबर आमच्याकडे नवी नाही. गाव वाढतं, कबरस्तान वाढत नाही. जुन्या कबरीची माती झाली की तिथे दुसऱ्याला पुरतात, त्यात वावगं काही नाही. उद्या उंडीखाली एखाद्या खलाशाला नाहीतर बाळंतिणीला पुरलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. आई स्वतः सरकून जागा देणाऱ्यांतली होती. पण हा माणूस धडधाकट जिवंत. भाकरी खातोय, सुरमई खातोय, आणि माझ्या आईच्या छातीवर ग्रॅनाईट लावून ठेवतोय, की मी येईपर्यंत इथे कोणी यायचं नाही. एस्टीत रुमाल टाकून सीट धरतात तशी त्यानं माझ्या आईवर जागा धरली होती.

माझी आई मुन्नी. गावाला ती मुन्नीखाला. गावात बाईमाणूस गेलं की गुस्ल द्यायला, म्हणजे मय्यत धुऊन कफन घालायला, तिलाच बोलावणं येई. सभापतींच्या आईला तिनंच धुतलं. मी तिच्या हाताखाली पाणी द्यायला असायची. ती गेली तेव्हा गावात दुसरी बाई पुढे येईना, म्हणून तिला मी धुतलं. श्रावणातली गोष्ट. मागची सगळी जमीन पाण्याखाली होती, म्हणून फाटकाजवळच्या उंचवट्यावर खणलं. नाहीतर तिला कोण ती जागा देतो?

मी बायकांबरोबर कबरस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर उभी होते. जनाजा फाटकातून आत गेला, उजवीकडे वळला आणि उंडीच्या झाडाखाली थांबला. मग माझा धाकटा भाऊ सुफियान पाटा डोक्यावर घेऊन मागून धावत गेला. त्या पावसात चिरा कुठून आणायचा, म्हणून बाबांनी स्वयंपाकघरातला पाटा उचलून दिला होता. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच पाट्यावर मसाला वाटत होती. माझ्याच हातून एकदा त्यावर उखळीतलं मुसळ पडलं होतं, त्यानं त्याचा एक कोपरा गेलेला होता. तो पाटा तिच्या डोक्याशी उभा केला. पुरुषांच्या खांद्यांमधून मला एवढंच दिसलं. माझं सासरही त्याच गावात, त्यामुळे पुढे रोजचाच तो रस्ता. गडग्यावरून उंडीचा शेंडा दिसे. मी शेंड्याकडे बघून मनात फातिहा पढे आणि पुढे जाई.

दुसऱ्या दिवशी मी सुफियानला फोन लावला. तो आता गावच्या जमातीचा, म्हणजे मशीद आणि कबरस्तान बघणाऱ्या मंडळाचा, सेक्रेटरी आहे. त्याला तिथे बसवला सभापतींनीच.

“बुबू, मना वाटला ताजुद्दीनभाईनं तुना सांगितला असेल,” तो म्हणाला.

“कठडा बांधताना तू तिथे होतास?”

“होतो.”

“आईचा पाटा?”

“तिथे कायच नव्हता, बुबू. निशानी पन नव्हती. इतक्या पावसांत काय राहतंय?”

“झाड होता ना?”

झाडाचं त्यानं टाळलं. मग म्हणाला, “तू एवढी चिडतेस कशाला? तू बाईमानूस. तू काय आत येनार होतीस बघायला?”

मी फोन ठेवून दिला. सुफियान वाईट नाही, मऊ आहे. मऊ माणसांचा मला जास्त राग येतो. वाईट माणूस निदान आपल्या जिवावर वाईट करतो, हे दुसऱ्याच्या जिवावर चांगले राहतात.

त्यानंतर मी सभापतींना सरळ सांगितलं. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते, समोर कंपनीच्या बसगाड्या लागत होत्या. मी चहा ठेवला आणि म्हटलं, “अब्बा, तो कठडा काढायला सांगा. तुमची वेळ येईल तेव्हा जिथे जागा असेल तिथे तुमाला ठेवतील. जशी सगळ्यांना ठेवतात.”

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ते समजूत घालायच्या आवाजात म्हणाले, “बाय, मानूस गेला का दोन पिढ्यांत त्याचा नाव जातंय. मना बाकी काय नको. फक्त नाव हवा हाय. येनारा-जानारा वाचेल, म्हनेल, इसहाक सभापती होता.”

“आणि माझ्या आईचा नाव?”

“तिचा नाव कोन वाचनार होता?”

हे त्यांनी कुचकेपणानं विचारलं नाही. खरंच विचारलं. त्यांना माहीत करून घ्यायचं होतं. मी आत आले, सिंकमधली सगळी भांडी पुन्हा घासली, आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलले.

जानेवारीत एका पहाटे ते फजरच्या नमाजाला उठले, पलंगावर बसून मोजे घालत होते, आणि एक मोजा पायात, एक हातात असे आडवे झाले. कादिरनं गाडीतून हॉस्पिटलात नेलं. तिथे काही करायचं राहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं. तो दुसरा मोजा मी पलंगाखालून काढला आणि हातात घेऊन रडले. माणूस घरात तीन महिने जेवला की त्याची सवय होते, मग तो कसाही असो.

डोळे पुसायच्या आत ताजुद्दीनचा फोन. कादिरनं तो स्पीकरवर टाकला.

“मय्यत गावी पाठव,” ताजुद्दीन म्हणाला. “मी साहेबांना फोन केला. साहेब सोता येतायत. हायस्कूलच्या मैदानावर नमाज ठेवू. सगळा गण येईल.”

साहेब म्हणजे आमदार. बापाला जाऊन एक सकाळ झाली नव्हती, आणि पोराच्या तोंडात गण होता.

“भाई, वेळ लागतो रे,” कादिर म्हणाला. “कागद असतात.”

“लागू दे. मतदानाच्या आत पोचली पाहिजे.”

कादिरच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, हॉस्पिटलात आला होता. त्यानं दोन्ही सांगितलं. भारतात न्यायचं तर वकिलातीचा कागद, पोलिसांचा कागद, विमानाची व्यवस्था, काही आठवडे धरून चाला. तोवर मय्यत शीतघरात. इथेच दफन करायचं तर मुलगा हजर आहे, मुलाची सही पुरते, उद्या होऊन जाईल. हे सांगून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

“इथे दफन कर,” मी म्हटलं.

कादिरनं माझ्याकडे बघितलं. “तू तुझ्या आईसाठी बोलतेस.”

“आईसाठीच बोलते. पन खोटा बोलत नाय. मय्यतीला उशीर करू नये हे मना तूच शिकवलंस. साहेबांना मोकळी तारीख मिळेपर्यंत बापाला बर्फात ठेवनार काय?”

“अब्बांची इच्छा होती. जागा करून ठेवली होती त्यांनी.”

“ती जागा त्यांची नव्हती.”

“तू सूड घेतेस.”

“घेते,” मी म्हटलं. “तू नाव काय पन दे. त्या कठड्यात कुदळ घातली तर ती माझ्या आईला लागनार. तुझ्या आजीला धुतली त्या हातांना लागनार. मी इथे बसून ते व्हायला देनार नाय. सही नाय केलीस, तर आपन ह्याच्यापुढे एका घरात राहू, पन मी तुझ्याशी बोलनार नाय. अब्बांशी कशी वागत होते ते तू बघितलंस.”

मी नवऱ्याला धमकी दिली, ती सुद्धा त्याचा बाप आत पडलेला असताना. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

कादिर आत वळला. तो शीतघरात बापाला बघायला गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला आणि मंदूबकडून पेन मागून घेतलं. त्यानं माझ्यासाठी सही केली असं मी म्हणणार नाही. आत त्यानं काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही, एवढंच म्हणाला की तो खण फार अरुंद होता.

ताजुद्दीननं फोनवर त्याला बापाचा मारेकरी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन झालं. इथे बायकांना आत सोडत नाहीत, ते मला नवीन नव्हतं. मी आणि दुआ भिंतीबाहेर गाडीत बसून होतो. भिंतीवरून दिसायला इथे उंडीचा शेंडाही नव्हता. प्लांटमधली माणसं आली होती, गावाकडची दमाम-खोबरची काही आली होती. पण प्रार्थनेला सगळ्यात जास्त होते ते मशिदीत नमाजाला आलेले परके लोक. त्यांना हा कोण सभापती हे ठाऊक नव्हतं, तरी खांदा द्यायला धावले. गावात त्यांना असा खांदा कोणीच दिला नसता. तिथे प्रत्येक खांद्याला काहीतरी हवं होतं.

कादिर गाडीत येऊन बसला. हाताला वाळू होती.

“एका बाजूला कोनतरी बंगाली हाय,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाजूला खड्डा खनून ठेवलेला, रिकामा. उद्या कोन येईल तो. डोक्याशी दगड ठेवला. सगळ्यांना ठेवतात तसाच.”

“फाटकापासून किती लांब?” मी विचारलं. मला ते विचारायचंच होतं.

“खूप लांब,” कादिर म्हणाला, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मनात आलं, आता आई सुटली.

पुढे निवडणूक झाली. ताजुद्दीन निवडून आला, सभापतीही झाला. आम्हाला ते दुसऱ्यांकडून कळलं, कारण तो कादिरशी बोलत नव्हता. मग मार्चमध्ये एकदम त्याचा गोड फोन आला, की रागात बोललो, मनावर घेऊ नको, गावाकडून आबिदाचा नवरा परत येतोय, त्याच्याबरोबर थोडं सामान देतोय. आबिदा खाली तळमजल्यावर राहते, तीही आमच्याच गावची. तिच्या नवऱ्यानं पिशवी आणून दिली. आत सुकट, कोकमं, उडदाचे पापड, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं जिल्ह्याच्या पेपरातलं कात्रण.

मी ते कट्ट्यावर ठेवून सरळ केलं. वर ठळक अक्षरात ‘मरहूम इसहाक सभापती यांच्या कबरीवर आमदारांची पुष्पांजली’. खाली फोटो. पांढऱ्या संगमरवराची पूर्ण लांबीची कबर. डोक्याशी पाटी, पाटीवर नाव, पद, जन्म, मृत्यू. भोवती ग्रॅनाईटचा कठडा. साहेब वाकून गुलाबाच्या पाकळ्या टाकतायत, बाजूला ताजुद्दीन हात बांधून, मागे टोपी सावरत सुफियान. आणि त्यांच्या डोक्यावर उंडीचं झाड.

मला आधी कळेचना. कबरीत माणूस नाही. माणूस इथे आहे, आमच्यापासून गाडीनं थोड्या अंतरावर, बंगाल्याच्या शेजारी. हे अख्ख्या गावाला माहीत आहे. आमदाराला माहीत आहे. पेपरवाल्याला माहीत नसेल तर त्यानं विचारलं नसेल. मेलेला पाठवला नाही, तर यांनी मेलेल्याशिवाय कबर बांधली. नाव लावायला माणूस लागतो असं मला वाटत होतं, ती माझी चूक. नाव लावायला जागा पुरते.

कादिर शिफ्टवरून आला. मी कात्रण त्याच्या हातात दिलं. त्यानं बूटही न काढता वाचलं. मग भिंतीला टेकून खाली बसला.

“रिकामी कबर,” तो म्हणाला. “लोक तिथे फातिहा पढतायत.”

“रिकामी नाय.”

त्यानं मान डोलावली. मग माझी समजूत काढायला म्हणाला, “एका परीनं बरा झाला. आता तिथे कोनी कधी खननार नाय. संगमरवराला कोन हात लावतो? तुझी आई सुखानं राहिली. कुदळ लागली नाय.”

माझं अंग रागानं तापलं, कारण ते खरं होतं. तिला कुदळ लागली नव्हती. त्या ढोंगानंच तिला वाचवलं होतं, आणि आता कयामतपर्यंत तिनं दुसऱ्याच्या नावाखाली पडून राहायचं होतं. आमदार वाकणार, पाकळ्या पडणार, फातिहा पढली जाणार, आणि ‘मुन्नी’ असं तिथे कोणाच्या मनातसुद्धा येणार नाही. मी त्याच्या हातून कात्रण ओढून घेतलं. फाडायलाच घेतलं होतं.

तेव्हा मला साहेबांचा पाय दिसला.

कठड्याला पुढून एक फट ठेवलेली आहे, आत पाऊल टाकायला. तिथे जमीन थोडी खाली आहे, म्हणून पायरी केली आहे. पायरीसाठी एक काळा दगड आडवा टाकला आहे. त्याच्यावर साहेबांचा पांढरा बूट. बुटाच्या पुढे दगडाचा एक कोपरा दिसतो, आणि तो तुटलेला आहे. पेपरातला फोटो, ठिपक्याठिपक्यांचा, पण मी त्या कोपऱ्यावर लहानपणापासून बोट फिरवलेलं आहे. मुसळ माझ्या हातून पडलं होतं.

कायच नव्हता, निशानी पन नव्हती, असं सुफियान म्हणाला होता. निशाणी होती. ती उपटून त्यांनी पायाखाली घेतली होती, आणि सुफियान तिच्यापासून हातभर अंतरावर टोपी सावरत उभा होता. ज्या डोक्यावरून त्यानं तो पाटा नेला त्याच डोक्यावरची टोपी.

मी कात्रण कादिरसमोर जमिनीवर ठेवलं आणि बुटावर बोट ठेवलं. “ह्यो काय हाय, ओळख.”

त्यानं खूप वेळ बघितलं. आमच्या माहेरी तो लग्नाआधी कितीदा जेवून गेलेला. “पाटा,” तो हळूच म्हणाला.

“जूनमध्ये सुट्टीला जाऊ तेव्हा मी आत जानार हाय.”

“कुठे आत?”

“कबरस्तानात. पाटा आनायला. पुसून परत तिच्या डोक्याशी उभा करनार हाय, संगमरवर असला तरी.”

“बाया आत जात नाय.”

“पाटा बाईचाच होता. तो आत गेला, त्याच्यावर गावच्या पुढाऱ्यांचे पाय पडले. तेव्हा कोनी अडवला नाय.”

“भाई फाटकात उभा राहील. आता सभापती हाय तो.”

“राहू दे. सगळ्या गावासमोर मी त्याला एवढाच विचारीन, तुझा बाप कुठे पुरला ते सांग. जुबैलला म्हनाला तर पाटी काढावी लागेल. उंडीखाली म्हनाला तर म्हनू दे, तो खोटा सगळी ऐकतील.”

दुआ खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिनं कात्रणाकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, ही कोणाची कबर. मी तिला मराठीत सांगितलं, “तुझ्या नानीची.” तिनं पाटीवरची अक्षरं लावायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, वाचू नको, मी सांगते ते ऐक. मुन्नी.

कादिर उठला. त्यानं आता कुठे बूट काढले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “पाटा जड असेल. मी येतो उचलायला.”

“तू फाटकापर्यंत ये,” मी म्हटलं. “आत मी जाईन.”